किलोभर खव्यात वीज किती? घरातला धंदा आणि लाइट बिलाचा खरा हिशेब



कॉस्टिंग शिकवताना मी एक प्रश्न हमखास विचारतो. दूध लिहिलं, सरपण लिहिलं, पाकीट लिहिलं, एसटीचं भाडंसुद्धा लिहिलं. लाइट कुठं आहे? उत्तर ठरलेलं असतं: "सर, लाइट घरचीच आहे ना!"

घरचीच आहे, मान्य. पण बिल कोण भरतं? आणि त्या बिलातला धंद्याचा वाटा किती, हे माहीत नसेल तर तुम्ही मालाला लावलेला भाव हा अंदाज आहे. बहुतेक वेळा तो अंदाज खाली चुकतो. निम्म्यानं नाही, निम्म्याहून जास्त. कसं ते आज आकड्यांत बघू. वही-पेन घ्या. जुनं लाइट बिल असेल तर तेही समोर ठेवा.

उदाहरण खव्याचं घेतो. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम भागात गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीचा पेढा तर सगळ्यांना माहीत आहे. तुमचा धंदा मसाल्याचा असो, शिलाईचा असो किंवा पेप्सी-कुल्फीचा, हिशेबाची पद्धत तीच राहते.

समजा, एक ताई आहेत. वस्तीवर घर, दारात म्हशी. रोज १५ लिटर दुधाचा खवा करतात, साधारण ३ किलो निघतो. महिन्याला ९० किलो. आटवायला लाकडाची भट्टी आहे. ढवळायला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लावली आहे, ती रोज तासभर चालते. लगीनसराईत भाव चढतो म्हणून माल साठवायला एक डीप फ्रीझर घेतला आहे.

मोटर दिवसाला अर्धा युनिट खाते, महिन्याला १५. फ्रीझर दिवसाला अडीच युनिट धरू, महिन्याला ७५. धंद्याचे झाले ९० युनिट. म्हणजे एक किलो खव्यामागे बरोबर एक युनिट. घरचे दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर मिळून आणखी ९० युनिट. एकूण १८०.

ताईंच्या डोक्यात काय असतं? "युनिट पाच रुपयाला पडतं." म्हणजे धंद्याची वीज ४५० रुपये, किलोमागे पाच रुपये. झाला हिशेब.

आता बिल उघडा.

महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचा दर एक नसतो, पायऱ्या असतात. पहिले १०० युनिट एका दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि ५०० च्या पुढे चौथ्या. २०२४-२५ च्या दरात पहिल्या पायरीचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता. त्यावर वहन आकार १ रुपया १७ पैसे, म्हणजे ५.८८. दुसऱ्या पायरीला हेच मिळून ११.४६. तिसरीला १५.७२. दर बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या ताज्या बिलामागचा तक्ता बघून आकडे बदलून घ्या. पायऱ्यांची उडी मात्र बघा: १०० वा युनिट ५.८८ ला आणि १०१ वा ११.४६ ला. जवळजवळ दुप्पट.

याशिवाय स्थिर आकार असतो. सिंगल फेजला सोयीसाठी १३० रुपये धरू. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार कधी असतो कधी नसतो, तो इथं सोडून देऊ.

नुसतं घर चाललं असतं तर ९० युनिटचं बिल आलं असतं ७६५ रुपये. धंद्यासकट १८० युनिटचं येतं १,८९६ रुपये. फरक १,१३१.

म्हणजे धंद्याचे ९० युनिट ताईंना १,१३१ रुपयांना पडले. युनिटमागे साडेबारा रुपये. पाच नाही!

कोणी म्हणेल, सोपं आहे, बिलाचे दोन भाग करा, निम्मं घराचं, निम्मं धंद्याचं. तसं केलं तर ९४८ येतात आणि तेही कमीच पडतात. घर तर धंद्याच्या आधीपासून चालू आहे, ते पहिल्या स्वस्त पायरीवर बसलेलं आहे. धंदा नंतर आला, त्याला जागा वरच्या पायरीवर मिळाली. धंदा बंद केला तर जे पैसे वाचतील, तोच धंद्याचा खरा खर्च. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. मशीन घेताना, पंखा बदलताना, सोलर लावताना, सगळीकडे हाच हिशेब लागणार आहे.

आता खव्याकडे या. ताईंना वाटतं किलोमागे २५ रुपये सुटतात, वीज धरून. वीज धरली होती पाच रुपये, प्रत्यक्षात पडली साडेबारा. सुटतात साडेसतरा. महिन्याला ६८१ रुपये आणि वर्षाला आठ हजारांवर रक्कम, जी ताईंना नफा वाटत होती, ती घरखर्चाच्या पैशातून लाइट बिलात जात होती. घरात मग काय बोलणं होतं? "बिल फार यायला लागलंय, फ्रीझर बंद कर." धंद्याचा दोष नसतो, भाव चुकलेला असतो. पण बंद पडतो धंदा, आणि बहुतेक वेळा तो घरातल्या बाईचाच असतो.

तुमचे युनिट कसे मोजायचे? मशीनच्या पाटीवरचे वॅट गुणिले तास, भागिले हजार, हे मोटरला चालतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मोटर प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त ओढते, म्हणून तासाला एक युनिट धरा. फ्रीझरला मात्र पाटी बघून उपयोग नाही. तो सारखा चालत नाही, थंड झाला की थांबतो. त्याला धंद्याच्या बोर्डावर एक सब-मीटर बसवून घ्या. ते जमत नसेल तर रात्री सगळे झोपल्यावर मीटरचा आकडा लिहा, पहाटे उठल्यावर पुन्हा लिहा. पंख्याचे वजा करा. तीन-चार रात्री केलं की अंदाज येतो. दिवसाचा आकडा रात्रीपेक्षा जास्तच असणार, कारण ऊनही असतं आणि झाकणही उघडतं.

आणि फ्रीझर पत्र्याच्या खोलीत ठेवला असेल तर आधी तो तिथून हलवा. मे महिन्यात पत्र्याखाली तो थांबायचं नावच घेत नाही. भिंतीला चिकटवू नका, मागची गरम हवा जायला वीतभर जागा सोडा. आतला बर्फाचा थर वेळच्या वेळी काढा. याला एक रुपया लागत नाही.

घरातली बचतही आता महाग पायरीवरची बचत असते, हे लक्षात घ्या. १८० युनिटच्या घरात वाचलेला प्रत्येक युनिट शुल्कासकट १३ रुपये २९ पैशांचा असतो. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी लावला आणि तो रोज १२ तास फिरतो असं धरलं, तर महिन्याला १६ युनिट, म्हणजे २१३ रुपये वाचतात. बादलीत पाणी तापवायचा १,५०० वॅटचा रॉड तासभर लावला की वीस रुपये गेले. रोज! अहो, दारात खव्याची भट्टी आहे. खवा उतरला की निखाऱ्यावर पाण्याचं पातेलं ठेवा.

दुसरा फ्रीझर घेण्याआधी

धंदा वाढला की पहिला विचार येतो, अजून एक फ्रीझर. इथं दोन मिनिटं थांबा.

पहिला प्रश्न अनेकांना विचारायची भीती वाटते: घरच्या मीटरवर धंदा चालतो का? कोणी तपासणीला आलं तर? काही जण या भीतीपोटी कोणाला सांगतच नाहीत, तर काही बिनधास्त तीन मशीन लावतात. नियम वाचलेला कोणीच नसतो.

तर ऐका. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात घरगुती वर्गाच्या व्याख्येत याची सोय आहे. राहत्या घराच्या काही भागात धंदा करत असाल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षातला एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर तुम्हाला घरगुती दरच लागतो. याची तपासणी आर्थिक वर्षाच्या शेवटी होते. वर्षाचा वापर ३,६०० च्या वर गेला असेल, तर आधी कळवून पुढे योग्य तो वर्ग लावतात. घरघंटीचा उल्लेखही तिथंच आहे: सिंगल फेजची, फक्त घरच्या दळणासाठी असेल तर घरगुती. नवा आदेश आला की हा भाग पुन्हा तपासायचा, शाखा कार्यालयात विचारायचं.

म्हणजे ताईंचे महिन्याला १८० युनिट, वर्षाला २,१६०. बिनघोर. उन्हाळ्यात कूलर आला, फ्रीझर चार युनिटवर गेला, तरी अडीचशेच्या आसपास. पण दुसरा फ्रीझर आला की उन्हाळ्यात ३०० ची रेघ ओलांडली जाणार. त्या रेघेवर दोन गोष्टी एकदम होतात. तिसरी पायरी सुरू होते, म्हणजे ३०१ वा युनिट शुल्कासकट १८ रुपयांच्या वर. आणि घरगुती वर्गात बसायचा आधारही डळमळतो.

तेव्हा धंद्यासाठी वेगळं कनेक्शन घ्यायचा विचार करा. तुम्ही वस्तू बनवत असाल तर साधारणपणे औद्योगिक वर्ग लागतो, नुसती विकत असाल तर वाणिज्यिक. लोक 'औद्योगिक' ऐकूनच घाबरतात. पण लहान भाराच्या औद्योगिक वर्गाचा युनिट दर घरगुतीच्या दुसऱ्या पायरीपेक्षा कमी असतो, आणि वीज शुल्कही घरगुतीपेक्षा कमी. स्थिर आकार मात्र बराच जास्त, आणि तो मशीन बंद असली तरी येतो. त्यामुळे महिन्याला ९० युनिटच्या धंद्याला वेगळं मीटर अंगावर येऊ शकतं, अडीच-तीनशे युनिटच्या धंद्याला तेच स्वस्त पडू शकतं. दोन्ही बिलं कागदावर मांडा, मग अर्ज करा.

लपवून चालवायचा मार्ग मात्र धरू नका. वीज कायदा २००३ चं कलम १२६ अनधिकृत वापराबद्दल आहे. ज्या कामासाठी वीज दिली त्याहून वेगळ्या कामासाठी वापरली असं ठरलं तर लागू होणाऱ्या दराच्या दुपटीनं आकारणी होते. आणि वापर कधीपासून चालू होता हे कळत नसेल तर मागच्या १२ महिन्यांची धरतात. लहान धंद्याचं वर्षाचं भांडवल त्यात जाईल.

लाइट गेली तर?

आतापर्यंत बोललो ते आलेल्या लाइटचं. न आलेल्या लाइटचा खर्च बिलात छापून येत नाही, पण तोही मालाच्या भावातच असायला हवा.

ताईंच्या फ्रीझरमध्ये लगीनसराईच्या तोंडावर ४० किलो खवा आहे असं धरा. किलोला २५० रुपये धरले तर दहा हजारांचा माल. डीपी जळाली, तीन दिवस बदलून मिळाली नाही, माल आंबला. किलोमागे साडेसतरा रुपये सुटत असतील तर हे दहा हजार भरून काढायला पावणेसहाशे किलो खवा करावा लागेल. सहा महिने! त्या तीन दिवसांची तयारी उन्हाळ्याआधी करावी लागते.

तयारीतलं पहिलं काम म्हणजे तुमचं घर कोणत्या फीडरवर आहे ते माहीत करून घेणं. वायरमनला विचारा, तो एका वाक्यात सांगेल. २००५ नंतर भारनियमनाची जी वाईट वर्षं गेली, त्यात गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे करण्याचं काम मोठ्या प्रमाणात झालं. त्यामुळे गावात राहणाऱ्याला आणि शेतात वस्तीवर राहणाऱ्याला मिळणारी वीज एकसारखी नसते. वस्तीवरची घरं बऱ्याच ठिकाणी शेतीच्या फीडरवर असतात. तिथं थ्री फेज ठराविक तासच, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. बाकी वेळ सिंगल फेज. थ्री फेज आली की सगळ्यांच्या पंपांचे ऑटोस्विच एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा पिवळा पडतो. तुम्ही हे रोज बघता, मी काय सांगणार!

त्यामुळे वस्तीवर मोटर घेताना सिंगल फेजचीच घ्या. आणि पंप सुरू होण्याच्या वेळेला ती चालवू नका. घरात २३० व्होल्ट यायला हवेत, सहा टक्के खाली-वर चालतात, म्हणजे २१६ ते २४४. १७०-१८० वर मोटर चालवली तर ती जास्त करंट ओढते, तापते आणि एक दिवस वायंडिंग जळतं. गरम वास आला की बंद करायची, 'एवढा घाणा होऊ दे' म्हणायचं नाही. साधा मल्टीमीटर घेऊन आठ दिवस सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज लिहा. मशीन कधी चालवायची याचं वेळापत्रक त्यातूनच तयार होईल.

फ्रीझरला स्टॅबिलायझर हवाच, आणि तो लाइट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून सुरू करणारा हवा. लाइट येते-जाते-येते तेव्हाच कॉम्प्रेसर मरतात.

जनरेटरचं गणित करून बघा. लहान पेट्रोल जनरेटरला एका लिटरमागे दोन-अडीच युनिट मिळाले तरी नशीब. पेट्रोल शंभरच्या वर आहे. म्हणजे युनिट ४० ते ५० रुपये. रोजच्या कामाला हे परवडत नाही, माल वाचवायला परवडतं. चार घरांत मिळून एक ठेवा, किंवा मांडववाल्याकडून दिवसाच्या भाड्यानं आणा. त्याच्याशी दर आधीच बोलून ठेवा, कारण डीपी जळते त्या दिवशी सगळेच त्याच्याकडे पळतात.

इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते, हातात त्याहून बरंच कमी येतं. दिवे, एक पंखा, मोबाइल, वजनकाटा, यासाठी ठीक आहे. फ्रीझरसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा फ्रीझरलाच बॅटरी समजा. भरलेला आणि न उघडलेला डीप फ्रीझर दिवसभर तरी माल गोठलेला ठेवतो, अर्धा रिकामा असेल तर त्याच्या निम्मा वेळ. मग रिकामी जागा ठेवायचीच कशाला? पाण्याच्या जुन्या बाटल्या पाऊणपर्यंत भरून आत ठेवा. लाइट असताना त्या बर्फ होतात, गेल्यावर माल धरून ठेवतात. लाइट गेली की झाकणाला सुतळी बांधा, मुलं सारखी उघडून बघतात. वर गोधडी टाका, फक्त लाइट आल्यावर ती लगेच काढायची.

सोलरबद्दलही इथंच बोलतो, कारण गैरसमज याच बाबतीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतावरच्या सोलरला एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असं धरा, महिन्याला १२०. ताईंचं बिल १८० युनिटवरून ६० वर येईल, १,३३६ रुपये वाचतील. दुसरा किलोवॅट लावला तर तो उरलेले ६० स्वस्त युनिट खाईल, वाचतील फक्त ४०९. विकणारा तीन किलोवॅट लावायला सांगतो, कारण त्याचा धंदा तो आहे. तुमचं बिल तुम्ही बघा.

आणि गैरसमज हा: सोलर लावलं म्हणजे लाइट गेल्यावर घर चालेल. नाही चालणार! योजनेत बसवतात ती साधी ऑन-ग्रिड यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद होते. मुद्दाम तशी बनवलेली असते, नाहीतर तारेवर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. लाइट नसताना चालायला हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, त्याचा खर्च वेगळा. बिल कमी करायला सोलर चांगलं. तीन दिवसांच्या अंधारासाठी सुतळी, बाटल्या आणि भाड्याचा जनरेटर.

आता डीपीबद्दल. ती जळते कशानं? आकडे हे एक कारण. दुसरं कारण आपल्या बिलावर असतं: 'मंजूर भार'. घेतला तेव्हा अर्धा-एक किलोवॅट लिहिलेला, आज घरात फ्रीझर, मोटर, कूलर, रॉड. कागदावर वस्तीचा भार दिसतो दहा किलोवॅट, डीपीवर येतो तीस. मोठी डीपी मागायला गेलात तर कागद म्हणतो गरज नाही. म्हणून भारवाढीचा अर्ज करा, आणि एकट्यानं करू नका. वस्तीवरच्या सगळ्यांनी एका दिवशी शाखा कार्यालयात जाऊन द्या, सोबत आठ दिवसांची व्होल्टेजची वही जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.

लाइट गेली की तक्रार १९१२ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत तारीख-वेळेसह लिहा. वायरमनला फोन करताच ना, तोही करा, पण त्याची नोंद कुठं राहत नाही. काम झालं नाही तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. तिथं तोंडी सांगितलेलं टिकत नाही, वही टिकते. रीडिंग न घेता सरासरी बिल आलं असेल तर तेही त्याच वहीत, मीटरच्या फोटोसकट. महावितरणच्या मोबाइल ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवायची सोय आहे.

पुढच्या व्हिडिओत मसाला कांडपवाल्यांचं कॉस्टिंग घेणार आहे. त्याआधी एक काम करा. मागच्या १२ महिन्यांचे युनिट एका ओळीत लिहा, सगळे एका बिलावरच छापलेले असतात. बेरीज ३,६०० च्या किती जवळ आहे ते बघा, आणि कोणत्या महिन्यात ३०० ओलांडले त्याला गोल करा. तो गोल मार्च ते जूनमध्येच पडला असेल तर मेच्या मालाचा भाव जानेवारीच्या भावानं लावू नका.